आधी परीक्षा तर घ्या

1933 साली मुंबईची एक तरुणी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेली. नाव कमला भागवत. लग्नानंतरच्या कमला सोहोनी या नावाने आपण त्यांना ओळखतो. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी त्यांनी उत्तम गुणांनी मिळवली होती. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही याच संस्थेत शिकलेले. त्यामुळे प्रवेश मिळणार याबद्दल घरात कुणाच्या मनात शंका नव्हती. अर्ज नाकारला गेला. नाकारणारे होते संस्थेचे नवे संचालक सर सी. व्ही. रामन. मार्कांचा किंवा विषयाच्या तयारीचा प्रश्न नव्हता. संशोधन हे बायकांना झेपणारं काम नाही, असं त्यांचं मत होतं.

शंका घेणारा माणूस जेवढा मोठा, तेवढी त्याची शंका खरी वाटू लागते. शेजारच्या काकांनी ‘मुलीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय’ म्हटलं तर ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देता येतं. इथे ज्यांना तीनच वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, विज्ञान म्हणजे काय हे ज्यांच्याकडे पाहून सारा देश शिकत होता, ते रामन तिला ‘तुला जमणार नाही’ म्हणत होते. बावीस वर्षांच्या मुलीने ते प्रमाण मानलं असतं आणि मुंबईची गाडी धरली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता.

कमलाबाईंनी रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. काळ गांधीजींचा होता आणि हे शस्त्र घराघरात माहीत झालेलं होतं. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष चाचणीचं असेल, तोवर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतही, काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. शेवटच्या अटीचा अर्थ असा, की पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित झालं तर तो गुन्हा हिचा. अटी अपमानाच्या होत्या. कमलाबाईंनी त्या मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची मागणी. माझ्यावर विश्वास ठेवा, असं त्या म्हणत नव्हत्या. मला तपासा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. या दोन मागण्यांत फार अंतर आहे. विश्वास मागणारा माणूस समोरच्याच्या मर्जीवर जगतो. मर्जी फिरली की त्याचे पाय लटपटतात. परीक्षा मागणारा माणूस निर्णय समोरच्याच्या मतातून काढून कामावर नेऊन ठेवतो. चारचौघांनी आपल्या कुवतीबद्दल शंका घेतली की टिकायचं कसं, या प्रश्नाचं जे उत्तर मला पटतं ते या अंतरातून निघतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की ‘जिद्द’ हा शब्द ठरलेला. दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या बातम्या बघा, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन मेळाव्यांतली भाषणं ऐका. सगळे नाही म्हणत होते, याने मात्र दाखवून दिलं, असा त्या गोष्टींचा साचा असतो. ऐकणाऱ्याला त्यातून उमेद मिळते हे खरं, आणि मला ती उमेद हिरावून घ्यायची नाही. पण साच्यात दोन मोठ्या चुका आहेत. एक म्हणजे त्यात सगळ्या शंका सारख्याच खोट्या ठरतात. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. शंका हे जणू टॉनिक असतं, लोकांनी हिणवलं म्हणूनच माणूस घडला, असा निष्कर्ष त्यातून निघतो आणि हिणवणाऱ्याला परस्पर श्रेय मिळून जातं.

दुसरी चूक आधी घेतो. रामन यांनी अडवलं म्हणून कमलाबाई मोठ्या झाल्या, असं म्हणणारे लोक आजही भेटतात. मग पुढचं चरित्र बघू. चाचणीच्या वर्षात एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ते पाहून रामन यांचं समाधान झालं. कमलाबाईंना नियमित मान्यता मिळाली आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. 1936 मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामाबद्दल 1929 चं नोबेल मिळालेले. या विभागात ‘तू बाई असून कशी काय’ हे कुणी विचारलं नाही. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवणारं हे प्रथिन. ते वनस्पतींतही आहे याचा अर्थ प्राणी आणि झाड पेशीच्या पातळीवर एकाच रीतीने श्वास घेतात. सुमारे चौदा महिन्यांत, जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध लिहून 1939 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते.

जिथे कुणी शंका घेतली नाही तिथे कामाचा वेग हा असा होता. बंगळुरूच्या पहिल्या वर्षात त्यांच्या बरोबरीच्या मुलांना एक काम होतं: प्रयोग. कमलाबाईंना दोन होती. प्रयोग, आणि बाईला प्रयोग करता येतो हे रोज नव्याने पटवून देणं. हे दुसरं काम कुठल्याही शोधनिबंधात छापून येत नाही, पण दिवसातले तास खातं, झोप खातं, चुकायची मुभा काढून घेतं. मुलाचा प्रयोग फसला तर एक प्रयोग फसला. तिचा फसला असता तर सगळ्या बायकांचं संशोधन फसलं असतं. अडथळ्यातून माणूस घडतो असं म्हणताना, त्याच अडथळ्यापाशी किती जणी परत फिरल्या त्यांची नोंद कुणाकडेच नसते. त्या परतलेल्या मुलींत जिद्द कमी होती असं मी मानत नाही. कुणाचे वडील रसायनशास्त्रज्ञ नव्हते, कुणाकडे बंगळुरूत राहायचा खर्च नव्हता, इतकंच कारण पुरेसं असतं.

आता पहिली चूक. सगळ्या शंका सारख्या नसतात. तुझ्या कामात हा दोष आहे, ही एक शंका. तुझ्यासारख्यांना हे जमत नसतं, ही दुसरी. पहिली शंका कामाकडे बघून घेतलेली असते. ती चुकीची असू शकते, बोचरीही असू शकते, पण तिला कामानेच उत्तर देता येतं आणि कधी कधी तीच बरोबर निघते. दुसरी शंका कामाकडे बघायच्या आधीच घेतलेली असते. बाई, अमुक जात, खेडं, मराठी माध्यम, वय, यांपैकी काहीतरी पाहून ती ठरून गेलेली असते.

पहिल्या प्रकारचं मोठं उदाहरण रामन यांच्याच घरात आहे. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. 1930 मध्ये एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर बोटीने इंग्लंडला निघाले आणि वाटेत त्यांनी मरणपंथाला लागलेल्या ताऱ्यांचं गणित मांडलं. एका ठरावीक वस्तुमानापलीकडे तारा श्वेत बटू म्हणून स्थिरावू शकत नाही. आजच्या हिशेबात ही मर्यादा सूर्याच्या सुमारे 1.4 पट. 11 जानेवारी 1935 रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं आणि लगेच पाठोपाठ आर्थर एडिंग्टन उभे राहिले. ज्यांच्या शब्दाला खगोलशास्त्रात तोड नव्हती अशा एडिंग्टन यांनी भर सभेत हा निष्कर्ष हास्यास्पद ठरवला. तारा असा आकसत जाईल हे निसर्ग होऊच देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठमोठ्या भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखर यांचं गणित बरोबर वाटत होतं, पण एडिंग्टन यांच्याविरुद्ध उघडपणे बोलायला कुणी पुढे आलं नाही.

चंद्रशेखर यांनी पुढे काय केलं, ते आपल्या जिद्दीच्या साच्यात बसत नाही. काही वर्षं वाद घातल्यावर त्यांनी आपलं सगळं काम 1939 मध्ये एका पुस्तकात नीट लिहून काढलं आणि विषय बदलला. ताऱ्यांच्या रचनेवरून ते ताऱ्यांच्या समूहांतल्या गतीकडे वळले. आपलं म्हणणं त्यांनी सोडलं नाही आणि ते पटवत आयुष्यही काढलं नाही. गणित कागदावर होतं. ज्याला तपासायचं त्याने तपासावं. 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा एडिंग्टन यांना जाऊन जवळजवळ चार दशकं झाली होती. हेही चिकाटीचंच एक रूप आहे, आणि मला ते फार वरच्या दर्जाचं वाटतं. काम चोख करून, कुणालाही पडताळता येईल अशा जागी ठेवून, स्वतः पुढच्या कामाला लागणं. एडिंग्टन यांची शंका चुकीची होती, तरी ती गणिताबद्दल होती. म्हणून गणितच तिला पुरून उरलं.

दुसऱ्या प्रकारच्या शंकेला मात्र पुरावा पुरत नाही, आणि हे आपल्या पुण्यात घडलेलं आहे. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात ते मैदानाची निगा राखायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्यांच्या गोलंदाजीची कीर्ती झाली तेव्हा पुण्यातल्या हिंदू क्लबापुढे पेच पडला: याला संघात घ्यायचं का? युरोपियनांना हरवायचं असेल तर घ्यावं लागणार होतं, म्हणून घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळे हाताळत. चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्या काळातल्या भारतीय गोलंदाजांत त्यांच्याइतकं सिद्ध झालेलं दुसरं नाव सहज सापडायचं नाही. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही.

इथे एक गोष्ट लख्ख दिसते. अशी शंका खोडून काढली की ती संपत नाही, एक पायरी वर सरकते. चेंडू टाकता येतो हे मान्य झालं, तर मग नेतृत्व जमेल का? संशोधन जमतं हे मान्य झालं, तर मग संस्था चालवता येईल का? कमलाबाईंच्या बाबतीतही हेच झालं. नीरा या ताडाच्या ताज्या रसातली पोषकता त्यांनी प्रयोगांनी दाखवली, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होतो हे सिद्ध केलं, राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळवला. आणि तरीही मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद त्यांच्यापर्यंत उशिराच पोहोचलं. म्हणून शंका घेणाऱ्याला पटवणं हे ध्येय ठेवलं तर माणूस आयुष्यभर पायऱ्याच चढत राहील. पाळवणकर बंधूंना हे उमगलं होतं. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हेही उत्तम खेळाडू. कर्णधारपदाच्या अन्यायावरून 1920 मध्ये त्यांनी हिंदूंच्या संघातून माघार घेतली, आणि 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. गुण सिद्ध करणं जिथे संपतं तिथून पुढे हक्क मागावा लागतो. बाळूंच्या बळींनी एकट्याने ते दार उघडलं नाही. बळी आणि बहिष्कार, दोन्ही लागले.

काही वेळा दार उघडतच नाही. रामन यांच्याच बंगळुरूच्या प्रयोगशाळेत 1940 च्या सुमारास अ‍ॅना मणी काम करत होत्या. हिरे आणि माणकं यांच्या वर्णपटांचं त्यांचं काम. हिरा द्रवरूप हवेच्या थंडाव्यात ठेवायचा, आणि त्याची क्षीण चमक फोटोच्या काचेवर उमटावी म्हणून पंधरा-वीस तास काच तशीच राहू द्यायची. मणी कित्येकदा प्रयोगशाळेतच झोपत. तीसहून अधिक हिऱ्यांचा अभ्यास झाला, एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, 1945 मध्ये प्रबंध सादर झाला. मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, कारण मणी यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. प्रबंध वाचून त्यात चूक काढली असती तर निदान परीक्षा तरी झाली असती. मणी लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणं कशी बनवायची ते शिकल्या, आणि 1948 मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. पाऊस, वारा, आर्द्रता मोजायची उपकरणं परदेशातून मागवावी लागत असा तो काळ. सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाटनं तयार करून ती इथे बनू लागली, त्यामागे मणी यांचा हात होता. नाकारल्या गेलेल्या पदवीची त्यांनी पुढे फारशी खंत केली नाही असं सांगतात. मला मात्र त्या प्रबंधाची खंत आहे. नाकारलेला माणूस कुठेतरी फुलला म्हणून नाकारणं योग्य ठरत नाही.

हे सगळं जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात संशोधनाच्या प्रवेश मुलाखतींना मी उपस्थित होतो. यवतमाळकडची एक मुलगी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर काम करू इच्छित होती. समितीने इंग्रजीत बोलायला सांगितलं. ती अडखळली. मग प्रश्न सुरू झाले: घरचे पाठवतील का, लग्नाचं काय, एवढी वर्षं टिकाल का. तिने दोन-तीन उत्तरं दिली आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, “सर, मला बोंडअळीबद्दल विचाराल का?” खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग एका सदस्यांनी विचारलं, आणि ती मराठीतून सुरू झाली. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक, घेतली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला कसं मिळतं, डोमकळी, म्हणजे अळी लागून नीट न उमललेलं फूल, ओळखायची कशी, कामगंध सापळे लोक लावतात पण त्यातली गोळी वेळेवर बदलत नाहीत, 2017 च्या प्रादुर्भावात तिच्या वडिलांनी कोणती फवारणी कधी केली आणि ती का वाया गेली. तिच्याकडे वहीत शेताचा नकाशा होता, सापळ्यांच्या जागा आणि रोज सापडलेल्या पतंगांची नोंद होती. समितीतला एकही सदस्य त्या वहीइतकं बोंडअळीच्या जवळ गेलेला नव्हता. तिला प्रवेश मिळाला.

तिने ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हटलं असतं तर समितीने सहानुभूतीने मान हलवून पुढच्या उमेदवाराला बोलावलं असतं. तिने परीक्षेचा विषय बदलून घेतला. हे करायला धीर लागतो, पण नुसत्या धीरावर भागत नाही. ती वही लागते. परीक्षा मागायची तर परीक्षेला बसण्याजोगं काहीतरी आपल्या हातात असावं लागतं, आणि ते स्वतःपासून लपवता येत नाही.

पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी बसलेल्या मुलामुलींशी बोलताना मी म्हणूनच फक्त जिद्दीची भाषा वापरत नाही. अजून एक प्रयत्न, आणखी एक वर्ष, म्हणत तिथे तिशी उलटलेली मुलं आहेत. गावाकडून फोन आला की नातेवाईक विचारतात, काय झालं रे तुझं? मुलाला ती शंका अपमानासारखी लागते, आणि अपमानाला उत्तर म्हणून तो पुढच्या वर्षाचा फॉर्म भरतो. इथे शंका कोणत्या जातीची आहे हे पाहायला हवं. तुमच्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला साहेब होणं जमणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते धुडकावून लावावं. पण चार वर्षांच्या गुणपत्रिका समोर ठेवून, अमुक विषयात तू पुढे सरकत नाहीस, असं थोरला भाऊ सांगत असेल, तर ती परीक्षाच आहे. ती घेणारा माणूस वैरी नसतो. चंद्रशेखर यांनी विषय बदलला तेव्हा ते हरले नव्हते, आणि मणी यांनी क्षेत्र बदललं म्हणून त्यांची चिकाटी कमी ठरली नाही. सरकारी नोकऱ्याच इतक्या थोड्या आहेत की हजारो लायक मुलं बाहेर राहणार हे गणिताने ठरलेलं आहे. तो निकाल त्यांच्या कुवतीवरचा शेरा नाही हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट या चरित्रांत सगळीकडे आहे, आणि जिद्दीच्या गोष्टींतून ती हटकून गाळली जाते. एकट्याने कुणी टिकलेलं नाही. कमलाबाईंना काम दाखवायची जागा श्रीनिवासय्यांनी दिली. बाळूंच्या पाठीशी भाऊ होते. चंद्रशेखर यांना शिकागो विद्यापीठाने घेतलं. सगळं जग शंका घेत असताना निदान एक माणूस असा लागतो, जो कौतुक करत बसत नाही, काम वाचतो, चुका दाखवतो आणि पुढचा प्रयोग कधी म्हणून विचारतो. असा एक माणूस मिळाला की बाहेरची शंका आत शिरत नाही. खरा धोका तोच असतो. वारंवार ऐकून ऐकून माणूस दुसऱ्याची शंका स्वतःच्या आवाजात बोलू लागतो, आणि मग त्याला अडवायला रामन यांची गरज उरत नाही. तो अर्जच करत नाही.

म्हणून शंका घेतल्या जाणाऱ्यांना धीर धरा म्हणून सांगण्याइतकंच, खुर्चीत बसलेल्यांशीही बोललं पाहिजे. प्रवेश समित्या, निवड मंडळं, मुलाखती घेणारे, वर्गात कुणाला फळ्यापाशी बोलवायचं ते ठरवणारे शिक्षक. शंका घेणं हे त्यांचं कामच आहे, आणि ते त्यांनी सोडू नये. मात्र जी शंका घ्याल ती तपासण्याजोगी असू द्या. उमेदवार समोर आल्यावर पहिला प्रश्न त्याच्या कामाबद्दल विचारा, त्याच्या भाषेत विचारा, आणि नकार द्यायचा असेल तर कामात काय कमी आहे ते लेखी द्या. रामन यांच्यासारख्या वैज्ञानिकाने एका मुलीला तपासायच्या आधी नाकारलं, आणि तपासल्यावर आपलं मत बदललं. वैज्ञानिक म्हणून दुसरी गोष्ट त्यांना शोभली. पण त्या दोन गोष्टींच्या मधलं एक वर्ष त्यांच्या खात्यातून गेलं नाही, कमलाबाईंच्या खात्यातून गेलं.